ध्रुवीय अस्वल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्रुवीय अस्वलांबद्दल मराठीत बोललं जातं तेव्हा बहुतेक वेळा दोनच गोष्टी कानावर येतात, एक म्हणजे त्याचा पांढरा रंग आणि दुसरी वितळणारा बर्फ. खालची उत्तरं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. हा प्राणी जमिनीवर जन्माला येत असला तरी जगतो तो समुद्रावर, गोठलेल्या समुद्राच्या पाठीवर. त्याचं खाणं, प्रजनन, उपास आणि त्याच्यावर आलेलं संकट या सगळ्याचा उलगडा तिथूनच होतो.

ध्रुवीय अस्वलं नेमकी कुठे राहतात?

उत्तर ध्रुवाभोवतीच्या आर्क्टिक प्रदेशात, पाच देशांत. कॅनडा, अमेरिकेचं अलास्का, रशिया, नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह आणि डेन्मार्कच्या राज्याचा भाग असलेलं ग्रीनलंड. जगातली निम्म्याहून जास्त अस्वलं एकट्या कॅनडात आहेत. शास्त्रीय नाव उर्सस मॅरिटिमस, म्हणजे सागरी अस्वल. ब्रिटिश दर्यावर्दी कॉन्स्टंटाइन फिप्स यांनी १७७३ मध्ये उत्तर ध्रुवाच्या दिशेनं सफर केली आणि पुढच्या वर्षी या प्राण्याची शास्त्रीय नोंद केली. अमेरिकेच्या कायद्यातही त्याची गणना देवमासे आणि सील यांच्याबरोबर सागरी सस्तन प्राण्यांत होते, आणि ते अगदी योग्य आहे.

पेंग्विनशी त्यांची कधी गाठ पडते का?

नाही. पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, ही अस्वलं उत्तरेची. मुलांच्या पुस्तकांत आणि शीतपेयांच्या जाहिरातींत दोघं एकत्र दिसतात, पण निसर्गात तसं कुठेही घडत नाही.

जगात एकूण किती ध्रुवीय अस्वलं उरली आहेत?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीसाठी २०१५ मध्ये केलेल्या मूल्यमापनात हा आकडा सुमारे २६,००० धरला आहे. अंदाजाची व्याप्ती मात्र २२,००० ते ३१,००० इतकी मोठी आहे. यादीत त्यांचा दर्जा 'असुरक्षित' असा आहे. शास्त्रज्ञ अनेक वर्षं त्यांचे १९ उपसमूह मानत आले. २०२२ मध्ये ग्रीनलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरचा एक वेगळा, जनुकीयदृष्ट्या अलग पडलेला समूह समोर आला.

एकच जागतिक आकडा हाती धरून 'वाढले की घटले' असा वाद घालण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक उपसमूहाची परिस्थिती वेगळी आहे आणि रशियाच्या बाजूच्या बऱ्याच भागाची नीट मोजणीच झालेली नाही.

ते केवढं मोठं असतं?

पूर्ण वाढलेला नर साधारण ३५० ते ६०० किलोचा, काही त्याहूनही मोठे. मादी त्याच्या निम्म्या वजनाची, साधारण १५० ते ३०० किलोची. गाभण मादी मात्र गुहेत शिरण्याआधी इतकी चरबी साठवते की तिचं वजन कधी कधी जवळपास दुप्पट होतं. पुढचा पंजा रुंदीला शाळेतल्या पट्टीएवढा, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. पातळ बर्फावर वजन पसरवायला आणि पाण्यात वल्ह्यासारखा वापरायला तो उपयोगी पडतो.

ते खरंच पांढरं असतं का?

त्याची कातडी काळी असते. केस पांढरे नसून रंगहीन आणि पारदर्शक असतात. बाहेरचे लांब केस आतून पोकळ असतात, प्रकाश त्यांच्यात विखुरतो आणि आपल्याला पांढरा रंग दिसतो. सीलच्या चरबीचं तेल लागून आणि वयानुसार तो पिवळटही होतो.

केसांच्या पोकळ नळ्यांतून सूर्यकिरण थेट काळ्या कातडीपर्यंत पोहोचतात आणि अस्वल त्यावर ऊब घेतं, अशी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती ऐकायला सुंदर आहे, पण प्रयोगात टिकली नाही. प्रकाश त्या केसातून फारसा पुढे जातच नाही. पोकळ केसांचा वेगळाच परिणाम प्राणिसंग्रहालयांत दिसतो. उष्ण, दमट हवेत केसांच्या आत शेवाळ वाढतं आणि अस्वल हिरवं दिसू लागतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत आणि २००४ मध्ये सिंगापुरात हे घडलं.

उणे ४० अंशांत ते गारठत कसं नाही?

कातडीखाली चरबीचा थर असतो, काही ठिकाणी १० सेंटिमीटरपर्यंत जाड. त्यावर दाट लोकर आणि तिच्यावर लांब राठ केस. कान आणि शेपूट छोटे, म्हणजे उष्णता निसटायला जागा कमी. हे कवच इतकं चांगलं आहे की त्याला थंडीपेक्षा उकाड्याचाच त्रास जास्त होतो. थोडं अंतर ते ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं पळू शकतं, पण लगेच तापतं. म्हणून त्याची एरवीची चाल संथ असते.

ते काय खातं? शिकार कशी करतं?

मुख्यतः सील, त्यातही रिंग्ड सील आणि आकारानं मोठा, लांब मिशांचा बिअर्डेड सील. सीलच्या अंगातलं अस्वलाला सर्वांत प्रिय काय, तर चरबी.

सील पाण्यात राहतो, पण त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. समुद्र गोठायला लागला की रिंग्ड सील पुढच्या पायांच्या नखांनी बर्फात भोकं खरवडून उघडी ठेवतो. एका सीलची अशी अनेक भोकं असतात. अस्वल वासावरून त्यातलं एक हुडकतं आणि त्याच्या काठाशी बसून किंवा पोटावर पसरून वाट पाहू लागतं. हालचाल नाही, आवाज नाही, कारण बर्फावरचा पायरव खाली पाण्यात ऐकू जातो. असा एक तास सहज जातो, कधी त्याहून जास्त. सीलनं नाक वर काढलं की क्षणात पंजा आणि जबडा एकदम चालतो आणि अख्खा सील त्या अरुंद भोकातून वर खेचला जातो. बहुतेक वेळा मात्र सील दुसऱ्याच भोकातून श्वास घेऊन निघून गेलेला असतो. अशा दहा प्रयत्नांत एखादाच फळाला आला तर आला.

वसंत ऋतूत चित्र बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये सीलच्या माद्या भोकावर साचलेल्या बर्फात छोटी पोकळी करून तिथे पिल्लं देतात. वरून काहीच दिसत नाही. अस्वल वास घेत येतं, मागच्या पायांवर उभं राहतं आणि पुढच्या दोन्ही पायांवर सगळं वजन टाकून छत फोडतं. ही पिल्लं आईच्या दुधावर भराभर गुबगुबीत होतात आणि आईपासून सुटी होईपर्यंत त्यांच्या वजनाचा निम्मा भाग निव्वळ चरबी असते. वसंत आणि उन्हाळ्याची सुरुवात, हेच काही महिने अस्वलाच्या वर्षाच्या कमाईचे.

पोट भरलेलं अस्वल कातडी आणि चरबी खाऊन मांस तसंच सोडतं. मागून येणारे आर्क्टिक कोल्हे आणि तरुण, अननुभवी अस्वलं त्यावर जगतात. खाऊन झालं की ते बर्फात लोळून किंवा पाण्यात उतरून अंग स्वच्छ करतं, कारण मळलेली लोकर थंडी अडवत नाही.

सील मिळाले नाहीत तर मासे, अंडी, फळं खाऊन भागणार नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यामागे चांगली आशा असते, म्हणून सविस्तर सांगतो.

अस्वलं हे सगळं खातात. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर ती बेरी, गवत आणि समुद्रशेवाळ खातात, पक्ष्यांची अंडी फस्त करतात. स्वालबार्डमध्ये रेनडिअरची शिकार करताना त्यांचं चित्रीकरण झालेलं आहे. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर अनेक अस्वलं तिथे एकत्र जेवतात. खरा हिशेब उष्मांकांचा आहे. २०१८ मध्ये अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या बोफर्ट समुद्रातल्या नऊ माद्यांच्या गळ्यात कॅमेरे बांधून आणि त्यांच्या शरीरातली ऊर्जा मोजून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा रोजचा खर्च सुमारे १२,००० किलोकॅलरी निघाला, आधीच्या समजापेक्षा दीडपटीहून जास्त. वजन टिकवायचं तर दर दहा-बारा दिवसांनी एक प्रौढ रिंग्ड सील किंवा सीलची १९ नवजात पिल्लं मिळायला हवीत. त्या नऊपैकी चार माद्यांनी दहाएक दिवसांत दहा टक्के किंवा त्याहून जास्त वजन गमावलं.

बर्फ नसताना जमिनीवर काय होतं, हे २०२४ च्या अभ्यासात दिसलं. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर २० अस्वलांवर तीन आठवडे कॅमेऱ्यानं नजर ठेवली. काही जवळजवळ हललीच नाहीत, काही बेरी शोधत फिरली, काही दूर समुद्रात पोहत गेली. डावपेच वेगळे, निकाल तोच. २० पैकी १९ जणांचं वजन घटलं. ज्यांनी खाणं शोधलं त्यांनी ते शोधण्यातच मिळालेली ऊर्जा घालवली. बेरीवर एवढं मोठं धूड पोसलं जात नाही.

हिवाळ्यात ते झोपून राहतं का?

सगळी नाही, फक्त गाभण मादी. नर, तरुण अस्वलं आणि मोठी पिल्लं असलेल्या माद्या हिवाळाभर अंधारात बर्फावर हिंडत शिकार करतात. उन्हाळ्यात अन्न नसताना अस्वल चालता-चालताच अर्धनिद्रेसारखी ऊर्जा वाचवतं, असाही एक समज होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी तो खोटा ठरवला. उन्हाळ्यातलं अस्वल उपाशी राहणाऱ्या इतर कोणत्याही प्राण्यासारखंच झिजतं.

पिल्लांचा जन्म कसा होतो?

मिलन एप्रिल-मेमध्ये, समुद्रावरच्या बर्फात होतं. पण गर्भ लगेच वाढत नाही. फलित बीज काही महिने तसंच थांबून राहतं आणि शरद ऋतूत, मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच गर्भाशयात रुजतं. चरबी कमी पडली तर त्या वर्षी गर्भ धरतच नाही. तिनं तोवर साधारण दोनशे किलो वजन कमावलेलं असावं लागतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती बर्फाच्या ढिगात गुहा कोरते. रशियाचं रँगल बेट आणि स्वालबार्डमधलं काँग कार्ल्स लँड या त्यासाठी प्रसिद्ध जागा. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या वापुस्क राष्ट्रीय उद्यानात माद्या जरा निराळं करतात. तिथे त्या नदी-तळ्यांच्या काठच्या गोठलेल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली बिळं निवडतात. हिवाळ्याच्या मध्यावर पिल्लं होतात, बहुधा दोन. जन्मतः वजन जेमतेम ६०० ग्रॅम, डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव. आईच्या दुधात जवळपास एक तृतीयांश चरबी असते, त्यावर ती वाढतात. आई मात्र या काळात खात नाही, पीत नाही, लघवीदेखील करत नाही. पश्चिम हडसनमधल्या माद्या उन्हाळ्यापासूनच जमिनीवर असल्यानं त्यांचा उपास आठ महिन्यांपर्यंत लांबतो. स्वतः न खाता त्यातच दोन जिवांना दूध पाजायचं. सस्तन प्राण्यांत याला तोड क्वचितच सापडेल.

मार्च-एप्रिलमध्ये गुहेचं तोंड फुटतं. आधी आईचं नाक बाहेर येतं, मग डोकं, आणि ती बराच वेळ नुसती हवा हुंगत राहते. दहा-बारा किलोची झालेली पिल्लं नंतर येतात, उतारावर घसरतात, पुन्हा आत पळतात. थंडीची आणि चालण्याची सवय होईपर्यंत ते कुटुंब काही दिवस गुहेजवळच रेंगाळतं. मग आई त्यांना घेऊन समुद्राकडे निघते. पिल्लं साधारण अडीच वर्षं तिच्यासोबत राहतात, म्हणजे मादी तीन वर्षांतून एकदाच विते. इतक्या मंद गतीनं वाढणारी प्रजाती एकदा खचली की सावरायला फार वेळ लागतो.

नर पिल्लांची काळजी घेतो का?

नाही. उलट मोठा नर पिल्लाला मारून खाऊही शकतो, म्हणून पिल्लंवाली मादी नर दिसला की दूर निघून जाते.

किती वर्षं जगतं?

निसर्गात २० ते २५ वर्षं, क्वचित ३०. कॅनडातल्या विनिपेगच्या प्राणिसंग्रहालयातली डेबी नावाची मादी चाळिशी ओलांडून २००८ मध्ये गेली.

ते किती लांब पोहू शकतं?

२००८ मध्ये बोफर्ट समुद्रात उपग्रह पट्टा (उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) बांधलेली एक मादी सलग नऊ दिवस पोहली, ६८७ किलोमीटर. लोक हा आकडा पराक्रम म्हणून सांगतात. पुढचा भाग मात्र गाळतात. दोन महिन्यांनी ती पुन्हा सापडली तेव्हा तिचं २२ टक्के वजन गेलेलं होतं आणि सोबतचं एक वर्षाचं पिल्लू उरलेलं नव्हतं. पोहता येणं आणि पोहत राहावं लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यातला सील तर अस्वलाच्या हाती जवळजवळ लागतच नाही.

आपल्याकडच्या अस्वलाशी त्याचं काही नातं आहे का?

कुळ एकच, नातं लांबचं. मेळघाट-ताडोबातलं अस्वल वाळवी, मुंग्या, मध आणि मोहाची फुलं यांवर जगतं. ध्रुवीय अस्वलाचा सख्खा नातेवाईक म्हणजे तपकिरी अस्वल. दोघांच्या वाटा काही लाख वर्षांपूर्वी फुटल्या. जनुकीय अभ्यासांत काळाचा अंदाज बदलत असला तरी उत्क्रांतीच्या मोजपट्टीवर हे अलीकडचंच म्हणायचं. तेवढ्या काळात या प्राण्याच्या जनुकांत रक्तातली चरबी हाताळण्याशी निगडित बदल झाले. आयुष्यभर चरबी खाऊनही त्याचं हृदय ठीक राहतं, त्याचं रहस्य तिथे आहे.

नातं इतकं जवळचं की दोघांचा संकरही होतो. २००६ मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटावर शिकार झालेल्या एका अस्वलाच्या डीएनए तपासणीत आई ध्रुवीय आणि बाप तपकिरी (ग्रिझली) निघाला. निसर्गातला हा पहिला सिद्ध झालेला संकर. असे संकर अत्यंत दुर्मीळ आहेत, त्यामुळे 'नवी प्रजाती तयार होतेय' या बातम्यांवर विश्वास ठेवू नका.

शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास कसा करतात?

हेलिकॉप्टरमधून गुंगीचं इंजेक्शन मारून. अस्वल झोपलं की मोजमापं, रक्त, चरबीचा नमुना, कानाला बिल्ला. एक छोटा, निरुपयोगी दात काढतात, त्याच्या छेदात झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वर्तुळं दिसतात आणि वय कळतं. उपग्रह पट्टा मात्र फक्त माद्यांनाच बांधता येतो. नराची मान त्याच्या डोक्यापेक्षा जाड असते, पट्टा सरळ निघून येतो. यामुळे नरांच्या भटकंतीबद्दलची माहिती बरीच तोकडी राहिली आहे. अलीकडे विमानातून गणना आणि कातडीचा बारीक तुकडा घेऊन येणारे बाण यांचा वापर वाढला आहे. त्यात प्राण्याला बेशुद्ध करावं लागत नाही, आणि आर्क्टिकचे मूळ रहिवासी असलेल्या इन्युइट समाजाचा तोच आग्रह होता.

हवामानबदलाचा नेमका परिणाम काय?

अस्वल बुडून मरेल, अशी कल्पना अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात ते उपासानं खंगतं. समुद्रावर बर्फ किती दिवस आहे, यावर सगळं अवलंबून.

सप्टेंबरमध्ये आर्क्टिकचा बर्फ वर्षातल्या नीचांकावर असतो. १९८० च्या दशकात तो सरासरी ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला, आजवरचा सर्वांत कमी. १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगानं तापला आहे.

हडसन उपसागरात उन्हाळ्यात बर्फ पूर्ण वितळतो आणि अस्वलं किनाऱ्यावर येतात. ती तशीच सवय आहे, ते नवं नाही. नवं हे, की बर्फ आधी वितळतो आणि उशिरा गोठतो. १९८० च्या दशकाच्या मानानं पश्चिम हडसनची अस्वलं आता सुमारे तीन आठवडे जास्त जमिनीवर अडकतात. कमाईच्या हंगामातले आठवडे जातात आणि तेवढेच उपासाला जोडले जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे १,२०० अस्वलं होती. २०१६ मध्ये ८४२ आणि २०२१ मध्ये ६१८. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिथल्या प्रौढ माद्यांचं सरासरी वजन ३७ वर्षांत ३९ किलोंनी उतरलं, एक वर्षाच्या पिल्लांचं २६ किलोंनी. पहिला फटका पिल्लांना बसतो. आईचं दूध आधी पातळ होतं, मग आटतं.

दक्षिण बोफर्ट समुद्रातही अशीच घट झाली. याउलट ग्रीनलंड आणि कॅनडाच्या मधल्या केन बेसिनमध्ये संख्या वाढली आहे. पूर्वी तिथे बारमाही जाड बर्फ असे, सीलला तो मानवत नाही. आता बर्फ पातळ झाला, ऊन पाण्यात पोहोचलं आणि समुद्रातलं जीवन वाढलं. हा फायदा तात्पुरता आहे, कारण तोच बर्फ आणखी पातळ झाला की केन बेसिनचंही हडसन होईल. ही वाढ लपवायची काही गरज नाही. ती प्रामाणिकपणे सांगितली तरच घटीचा अर्थ नीट कळतो.

आग्नेय ग्रीनलंडमधला जो समूह २०२२ मध्ये पुढे आला, तो हिमनद्यांतून समुद्रात कोसळलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावर उभं राहून शिकार करतो. अशा जागा जगात मोजक्याच आहेत. काही अस्वलं तिथे तग धरतील, सगळ्यांना सामावून घेण्याइतकी जागा तिथे नाही.

पूर्वीही पृथ्वी तापली होती, तेव्हा अस्वलं टिकलीच ना?

टिकली. स्वालबार्डमध्ये सापडलेला जबड्याचा जीवाश्म सुमारे एक लाख १० हजार ते एक लाख ३० हजार वर्षं जुना आहे, आणि शेवटचा मोठा उबदार काळ त्याच सुमाराचा. पण ते बदल हजारो वर्षांत पसरलेले होते. आज तीन-चार दशकांत, म्हणजे अस्वलाच्या दोन-तीन पिढ्यांत, परिस्थिती पालटते आहे. शिवाय तेव्हा आर्क्टिकच्या किनाऱ्यांवर बंदरं, खाणी आणि तेलविहिरी नव्हत्या.

२०१७ मध्ये एका मरणासन्न अस्वलाचा व्हिडिओ फिरत होता. तो खरा होता का?

अस्वल खरं होतं, त्याची अवस्थाही खरी होती. कॅनडाच्या सॉमरसेट बेटावर ते चित्रण झालं. हवामानबदल असा दिसतो, अशा मथळ्यासह ते एका जगप्रसिद्ध मासिकानं पसरवलं. पुढच्या वर्षी त्याच मासिकानं मान्य केलं की तो दावा अती होता. एखादं अस्वल म्हातारपणानं, आजारानं किंवा जखमेनंही असं खंगतं. एका अस्वलाकडे बोट दाखवून काही सिद्ध होत नाही. दशकांच्या वजनाच्या आणि गणनेच्या नोंदी पुरेशा बोलक्या आहेत, आपण त्या वापराव्यात.

त्यांची शिकार अजून चालते का? ती बंद का करत नाहीत?

विसाव्या शतकाच्या मध्यावर अलास्कात विमानांतून पाठलाग करून, तर स्वालबार्डमध्ये आमिष लावलेल्या बंदुकांच्या सापळ्यांनी बेसुमार शिकार झाली. सोव्हिएत संघानं १९५६ मध्येच बंदी घातली. १५ नोव्हेंबर १९७३ ला ऑस्लोमध्ये पाचही देशांनी संवर्धन करारावर सह्या केल्या. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका प्राण्यासाठी एकाच कागदावर आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या करारानंतर अनेक ठिकाणी संख्या सावरली.

करारात स्थानिक आदिवासी समाजांच्या पारंपरिक शिकारीला मुभा आहे. कॅनडा, ग्रीनलंड आणि अलास्कातले लोक मांसासाठी, कातडीसाठी शिकार करतात, आणि कॅनडा-ग्रीनलंडमध्ये त्यावर कोट्याची मर्यादा आहे. दूर बसून याला नावं ठेवणं सोपं आहे. इन्युइटांसाठी नानुक, म्हणजे ध्रुवीय अस्वल, हा आदरानं वागवायचा प्राणी आहे आणि त्याच्याबद्दलचं त्यांचं ज्ञान पिढ्यांचं आहे. अस्वलाचं यकृत खायचं नाही, हे त्यांना कधीपासून माहीत होतं. डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्सच्या १५९६-९७ च्या मोहिमेतल्या खलाशांनी ते खाल्लं आणि त्यांच्या अंगाची सालं निघाली, कारण त्यात जीवनसत्त्व 'अ' विषारी प्रमाणात असतं. आज प्रजातीला असलेला मुख्य धोका कोट्यातल्या शिकारीचा नाही, बर्फ जाण्याचा आहे.

ते माणसांवर हल्ला करतं का?

करतं, पण क्वचित. १८७० ते २०१४ या काळातल्या ७३ हल्ल्यांच्या नोंदी संशोधकांनी जमवल्या, त्यांत २० जणांचा मृत्यू झाला. हल्ला करणारी बरीच अस्वलं उपाशी, खंगलेली होती. बर्फ कमी झाला की अस्वलं गावांकडे येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रशियाच्या नोवाया झेम्ल्या द्वीपसमूहावरच्या एका वस्तीत ५० हून अधिक अस्वलं घुसली आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. कचऱ्याचा उकिरडा हे मोठं कारण होतं.

सोबत राहण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे मॅनिटोबातलं चर्चिल. जेमतेम ९०० वस्तीचं गाव, रस्ता तिथवर जात नाही, रेल्वे किंवा विमानानंच पोहोचता येतं. दर शरद ऋतूत समुद्र गोठण्याची वाट पाहणारी अस्वलं गावाच्या आसपास जमतात. लोक गाडीचं दार कुलूपबंद करत नाहीत, अचानक अस्वल समोर आलं तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून. ३१ ऑक्टोबरला हॅलोविनच्या रात्री मुलं घरोघर फिरतात तेव्हा गावाभोवती पहारा असतो. हुसकावूनही परत येणाऱ्या अस्वलाला पकडून विमानाच्या जुन्या हँगरमधल्या कोठडीत ठेवतात. तिथे पाणी मिळतं, खाणं नाही, माणसाशी अन्नाचं नातं जुळू नये म्हणून. नंतर हेलिकॉप्टरनं उत्तरेला नेऊन सोडतात किंवा समुद्र गोठला की मोकळं करतात. गावानं उघडा उकिरडाही बंद केला. पूर्वी इथे अस्वलाला गोळी घालणं नेहमीचं होतं, आता तो शेवटचा उपाय असतो.

प्रदूषणाचा त्रास होतो का?

होतो. पीसीबीसारखी (कारखान्यांत बनलेली, सहजी नष्ट न होणारी) रसायनं वारा आणि प्रवाहांबरोबर हजारो किलोमीटर दूर आर्क्टिकमध्ये जातात आणि चरबीत साठतात. माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात, प्रत्येक पायरीला त्यांचं प्रमाण वाढतं, आणि शेवटी दुधातून ती पिल्लांपर्यंत पोहोचतात. उपासात चरबी जळू लागली की ती रक्तात सुटतात. स्टॉकहोम करारानं अशा अनेक रसायनांवर निर्बंध आणले, त्यातल्या काहींचं प्रमाण कमी झालंही आहे.

त्यांना खाऊ घालता येणार नाही का? किंवा अंटार्क्टिकात नेऊन सोडलं तर?

अंटार्क्टिकाचे पेंग्विन आणि सील जमिनीवरच्या शिकाऱ्याला ओळखतच नाहीत. तिथे अस्वल सोडणं म्हणजे एका प्राण्यासाठी दुसरं खंड उद्ध्वस्त करणं. खाऊ घालणं एखाद्या समूहापुरतं, संकटकाळी, शक्य असेलही, पण हजारो अस्वलांना दरवर्षी सीलच्या तोडीचं अन्न कुठून आणणार? खरा उपाय कार्बन उत्सर्जन घटवण्याचा. २०२० च्या एका अभ्यासानुसार उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक उपसमूह टिकणार नाहीत, आणि ते बऱ्यापैकी आवरलं तरी काही जातील, पण बरेच उरतील. समुद्री बर्फ तापमानाला लगेच प्रतिसाद देतो. उष्णता थांबली तर बर्फाची घटही थांबते, म्हणून हे प्रयत्न फुकट नाहीत.

भारताचा याच्याशी काय संबंध?

थेट आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्याच्यामार्फत भारतानं २००७ मध्ये पहिली आर्क्टिक मोहीम काढली आणि २००८ मध्ये स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंड इथे 'हिमाद्री' हे संशोधन स्थानक सुरू केलं. २०२३ च्या डिसेंबरपासून आपले शास्त्रज्ञ तिथल्या गडद हिवाळ्यातही काम करतात. तो अस्वलांचा मुलूख आहे, त्यामुळे वस्तीबाहेर जाताना बंदूक आणि ती चालवण्याचं प्रशिक्षण लागतं. आर्क्टिकचा बर्फ आणि आपला पाऊस यांचंही नातं आहे. याच केंद्राच्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासात रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टी होणं यांत संबंध दिसला.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर?

सिंगापूरला गेलेल्या अनेकांना तिथल्या प्राणिसंग्रहालयातला इनुका आठवत असेल. १९९० मध्ये तिथेच जन्मला आणि २०१८ मध्ये गेला. उष्ण कटिबंधात पुन्हा ध्रुवीय अस्वल आणायचं नाही, असं त्या संग्रहालयानं ठरवलं, आणि तो निर्णय योग्य होता.

रानातलं अस्वल पाहायला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चर्चिलला जातात, उंच चाकांच्या खास गाड्यांमधून. स्वालबार्डला उन्हाळ्यात जहाजानं जाता येतं, पण १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणं बंधनकारक आहे. एवढ्या लांबून मोबाइलमध्ये फक्त एक पिवळट ठिपका येईल. चांगली दुर्बीण न्या, आणि 'जवळून दाखवतो' म्हणणाऱ्या सहलवाल्याचं बुकिंग करू नका.